खूण आणि तिचे वाचक : जीवाणूंमधील डीएनए-मिथिलीकरण व ‘अनिवार्य’ या संकल्पनेचा इतिहास

१

इंग्रजीतील ‘एसेन्शियल’ या विशेषणाला मराठीत एकच एक पर्याय नाही. ज्यावाचून भागत नाही ते आवश्यक. जे टाळता येत नाही ते अनिवार्य. आणि वस्तूच्या गाभ्यात जे असते ते सारभूत. मराठीत लिहिणाऱ्याला संदर्भ पाहून या तिहींतून निवड करावी लागते, आणि तशी निवड करताना मूळ विधानाचा नेमका आशय कोणता, हा प्रश्न त्याच्यापुढे आपोआप उभा राहतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यापुढे तो राहीलच असे नाही. जीवाणूंच्या आनुवंशिकीत या शब्दाला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एक व्यावहारिक व्याख्या लाभली : जे जनुक नष्ट केले असता जीवाणूची वसाहत वाढू शकत नाही, ते जनुक ‘एसेन्शियल’. व्याख्या वरकरणी स्वच्छ आहे. परंतु वसाहत कोणत्या पोषक माध्यमावर वाढवायची, जीवाणूचा कोणता वाण घ्यायचा, आणि त्या वाणातील अन्य जनुके कोणत्या स्थितीत असावीत, हे तपशील तिच्यात अध्याहृतच राहतात.

जीवाणूंच्या डीएनएवर मिथिल-गटाची खूण उमटवणाऱ्या विकरांचा, म्हणजेच मिथिलीकरण करणाऱ्या एंझाइमांचा, इतिहास हा या अध्याहृत तपशिलांच्या उलगड्याचा इतिहास आहे. ही विकरे जीवाणूला जगण्यासाठी अनिवार्य आहेत काय, या प्रश्नाला १९७३ च्या सुमारास ‘नाही’ असे उत्तर मिळाले. १९९६ साली एका वेगळ्या जीवाणूच्या बाबतीत ‘होय’ असे मिळाले. २००१ साली पटकीच्या जीवाणूच्या बाबतीतही ‘होय’ असे मिळाले. आणि २०१३-१४ मध्ये या दोन्ही होकारांना महत्त्वाच्या अटी जोडल्या गेल्या. ही उत्तरे परस्परविरोधी दिसतात, परंतु त्यांपैकी प्रत्येक उत्तर ज्या परिस्थितीत दिले गेले त्या परिस्थितीपुरते खरे होते. त्यांना एकत्र ठेवून पाहिले असता असे दिसते की, अनिवार्यता ही खुणेच्या ठायी नसून ती खूण वाचणाऱ्या यंत्रणांच्या ठायी असते. प्रस्तुत निबंधात या निष्कर्षाची ऐतिहासिक मांडणी केली आहे.

रेण्वीय जीवशास्त्राने आपली परिभाषा मोठ्या प्रमाणावर ग्रंथव्यवहारातून उचलली आहे. अनुलेखन, भाषांतर, मुद्रितशोधन, संपादन हे शब्द तेथे रुळून जुने झाले आहेत. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या परिभाषेकडे साशंकतेने पाहण्याचा अधिकार आहे, कारण अनेकदा ती केवळ अलंकारापुरतीच असते. मिथिलीकरणाच्या बाबतीत मात्र खूण, प्रत आणि वाचक यांचे नाते प्रयोगांनी तपासले गेले असल्यामुळे हे प्रकरण त्याच्या विशेष आस्थेचे ठरावे.

२

डीएनएची वर्णमाला चार अक्षरांची : अ‍ॅडेनीन, ग्वानीन, सायटोसीन आणि थायमीन. मिथिलीकरण म्हणजे यांपैकी एखाद्या अक्षरावर एक कार्बन आणि तीन हायड्रोजन अणूंचा लहानसा गट बसवणे. जीवाणूंत ही खूण अ‍ॅडेनिनावर अथवा सायटोसिनावर उमटते. खूण उमटल्याने अक्षर बदलत नाही; अ‍ॅडेनिनाची जोडी थायमिनाशी आणि सायटोसिनाची ग्वानिनाशी पूर्ववत जुळते. मजकूर तोच राहून त्यावर एक चिन्ह चढते. मिथिल-गट पुरवणारा रेणू एस-अ‍ॅडेनोसिलमेथिओनिन हा होय, आणि तो गट योग्य अक्षरावर नेऊन बसवणारी प्रथिने म्हणजे डीएनए-मिथिलट्रान्सफरेज विकरे. प्रत्येक विकर ठराविक अक्षरक्रम ओळखते आणि तेथेच खूण करते.

अशा खुणांचा पहिला उल्लेख १९२५ सालचा आहे. जॉन्सन आणि कॉगहिल यांनी क्षयाच्या जीवाणूच्या न्यूक्लिक अम्लात मिथिल-गटयुक्त सायटोसीन आढळल्याचे नोंदवले. पुढील विश्लेषणांत त्या नोंदीला दुजोरा मिळाला नाही. १९४८ साली हॉचकिस यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतील डीएनएमध्ये कागदी वर्णलेखनाच्या साहाय्याने हे रूप वेगळे केले. जीवाणूंच्या डीएनएमधील मिथिल-अ‍ॅडेनीन डन आणि स्मिथ यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केले. या काळात ही रूपे म्हणजे रासायनिक कुतूहलाचा विषय होती. त्यांचे पेशीत काही काम असेल याला आधार नव्हता.

कामाचा सुगावा वेगळ्याच दिशेने लागला. १९५२ साली अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात साल्वाडोर ल्युरिया आणि मेरी ह्यूमन यांना असे आढळले की, जीवाणूंना मारणारा टी-२ हा विषाणू एश्चेरिशिया कोलाय या जीवाणूच्या एका विशिष्ट वाणातून बाहेर पडला की नेहमीच्या वाणांवर वाढेनासा होतो. शिगेला या दुसऱ्या जीवाणूवर मात्र वाढतो. ल्युरिया यांनी पुढे १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सांगितले आहे की, संवेदनशील जीवाणूंची परीक्षानळी फुटल्यामुळे त्यांनी जोसेप्पे बेर्तानी यांच्याकडून शिगेलाचे संवर्धन उसने घेतले, आणि त्यामुळे हा शोध हाती आला. १९५३ मध्ये बेर्तानी व वाइगल यांनी तसाच प्रकार अन्य विषाणूंत दाखवला. विषाणू ज्या यजमानाच्या घरी वाढला त्याची काहीतरी निशाणी घेऊन बाहेर पडतो, एवढे यातून स्पष्ट झाले. ही निशाणी आनुवंशिक नव्हती. दुसऱ्या यजमानातून एक फेरी होताच ती पुसली जाई.

१९६२ साली जिनिव्हा येथे वेर्नर आर्बर आणि त्यांची विद्यार्थिनी डेझी दुस्वा यांनी ही निशाणी विषाणूच्या डीएनएवरच असते आणि परक्या निशाणीचा डीएनए यजमानाच्या पेशीत तोडला जातो, असे सिद्ध केले. १९६५ मध्ये आर्बर यांनी निशाणी उमटण्यासाठी मेथिओनिन लागते असे दाखवले. मेथिओनिन हे मिथिल-गटाचे उगमस्थान असल्याने निशाणी म्हणजे मिथिलीकरण असावे हा तर्क बळकट झाला. तत्पूर्वीच, १९६३ च्या सुमारास, गोल्ड आणि हुर्विट्झ यांनी जीवाणूंतील मिथिलीकरणाच्या विकरांचे कार्य परीक्षानळीत दाखवले होते. तोडणारे विकर १९६८ साली मेसेल्सन आणि युआन यांनी वेगळे केले. १९७० साली हॅमिल्टन स्मिथ यांच्या प्रयोगशाळेत ठराविक अक्षरक्रमावरच छेद देणारे विकर हाती आले. आर्बर, नेथन्स आणि स्मिथ यांना १९७८ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते या निर्बंधन-विकरांसाठी. जनुक-अभियांत्रिकीचा पाया त्यांवरच रचला गेला.

अनिवार्यतेचा पहिला धडा या जोडीतच आहे. निर्बंधन-विकर आणि मिथिलीकरण-विकर एकाच अक्षरक्रमाला ओळखतात. पहिले खूण नसलेला डीएनए तोडते, दुसरे स्वतःच्या डीएनएवर खूण करून त्याला वाचवते. दोन्ही नसली तरी जीवाणू प्रयोगशाळेत सुखाने वाढतो. केवळ मिथिलीकरण-विकर असले तरीही वाढतो. परंतु निर्बंधन-विकर शाबूत ठेवून मिथिलीकरण-विकर तेवढे काढून घेतले, तर जीवाणूचे स्वतःचे गुणसूत्र तुकडे होऊन तो मरतो. म्हणजे मिथिलीकरणाची अनिवार्यता येथे दुसऱ्या विकराने निर्माण केली आहे. १९९५ साली इचिझो कोबायाशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या स्थितीचा एक विलक्षण परिणाम दाखवला. ही जोडी वाहणारे प्लाझ्मिड पेशीतून गळाले की उरलेल्या मिथिलीकरण-विकराचे प्रमाण वाढीबरोबर विरळ होत जाते, नवीन डीएनएवर खुणा अपुऱ्या पडतात, आणि उरलेले निर्बंधन-विकर पेशीला मारते. यजमानाला ज्याची मुळात गरज नव्हती ते एकदा स्वीकारल्यावर सोडता येत नाही.

खूण एक आणि वाचन दोन, याचे टोकाचे उदाहरण न्यूमोनियाच्या जीवाणूत सापडते. लॅक्स आणि ग्रीनबर्ग यांनी १९७० च्या दशकात दाखवले की, या जीवाणूच्या काही वाणांतील विकर जीएटीसी या क्रमातील अ‍ॅडेनिनावर मिथिल-खूण असेल तरच डीएनए तोडते, तर अन्य वाणांतील विकर तीच खूण नसेल तरच तोडते. एका वाणात जी खूण संरक्षण करते, तीच दुसऱ्यात मृत्यूचे कारण ठरते. खुणेला स्वतःचा असा अर्थ नाही, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसेल.

३

निर्बंधन-विकराच्या जोडीविना वावरणारी मिथिलीकरण-विकरेही जीवाणूंत असतात. एश्चेरिशिया कोलायच्या प्रयोगशाळेतील के-१२ या वाणात अशी दोन विकरे प्रसिद्ध आहेत. १९७३ साली मार्टिन मॅरिनस आणि रोनाल्ड मॉरिस यांनी या विकरांत बिघाड असलेले उत्परिवर्ती वाण वेगळे केले आणि संबंधित जनुकांना डॅम आणि डीसीएम अशी नावे रूढ झाली. डॅम हे विकर जीएटीसी या क्रमातील अ‍ॅडेनिनावर खूण करते. या जीवाणूच्या सुमारे ४६ लाख अक्षरांच्या गुणसूत्रात असा क्रम सुमारे १९,००० ठिकाणी येतो. डीसीएम हे सायटोसिनावर खूण करते.

दोन्ही उत्परिवर्ती वाण जिवंत होते. पुढे डॅम जनुक पूर्णतः निकामी करूनही जीवाणू वाढतो हे सिद्ध झाले. डीसीएमच्या बाबतीत तर निसर्गानेच प्रयोग करून ठेवला होता : एश्चेरिशिया कोलायचा बी हा वाण जन्मतःच या विकरावाचून आहे आणि तो कित्येक दशके जगभरच्या प्रयोगशाळांत वाढवला जात आहे. किंबहुना १९७८ साली असे दिसले की, डीसीएमने खूण केलेली सायटोसिने उत्परिवर्तनाची हमखास ठिकाणे होतात. खूण असलेल्या सायटोसिनातून अमिनो-गट गळाला की ते थायमीन बनते आणि मजकूरच बदलतो. येथे खूण उपयोगाची असण्यापेक्षा जोखमीची अधिक दिसते.

डॅमचे प्रकरण एवढ्यावर मिटले नाही. डॅमविरहित वाण जगत होता, पण त्यात उत्परिवर्तनांचे प्रमाण वाढलेले होते, आणि अतिनील किरणांपुढे तो दुबळा पडत होता. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, डॅमबरोबर रेक-ए हे तुटलेल्या डीएनएच्या दुरुस्तीशी निगडित जनुकही निकामी केले, तर जीवाणू मरत असे. दोन्ही जनुके स्वतंत्रपणे वगळता येण्याजोगी होती. एकत्र मात्र नव्हे. ‘अनिवार्य’ या शब्दाच्या व्याख्येत न मावणारी ही पहिली गोष्ट.

तिचा उलगडा १९७६ ते १९९० या काळात होत गेला. डीएनएची नवी प्रत तयार होताना मधूनमधून चुकीचे अक्षर बसते. दुहेरी साखळीत एका बाजूला एक अक्षर आणि समोर त्याच्याशी न जुळणारे दुसरे, अशी विजोड तयार होते. दुरुस्ती करणाऱ्या यंत्रणेपुढे संपादकाला परिचित असलेला प्रश्न उभा राहतो : दोन पाठांपैकी मूळ कोणता आणि नकलनविसाचा प्रमाद कोणता? जुन्या पोथीच्या संपादकाजवळ शाई, कागद, हस्ताक्षर असे दाखले असतात. पेशीजवळ दाखला आहे तो मिथिलीकरणाचा. नवी साखळी तयार झाल्यावर तिच्यावर खुणा उमटण्यास थोडा वेळ लागतो. तेवढ्या अवधीत खुणा असलेली साखळी जुनी आणि खुणा नसलेली ती नवी, असे ओळखता येते. १९७६ साली वॅग्नर आणि मेसेल्सन यांनी ही शक्यता सूचित केली. पुढे पॉल मॉड्रिच यांच्या प्रयोगशाळेने म्यूट-एस, म्यूट-एल आणि म्यूट-एच या प्रथिनांच्या साहाय्याने ही दुरुस्ती परीक्षानळीत घडवून आणली. डीएनए-दुरुस्तीच्या कार्याबद्दल त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. म्यूट-एस विजोड ओळखते, आणि म्यूट-एच जीएटीसी या क्रमाजवळ खूण नसलेल्या साखळीला छेद देते, जेणेकरून चुकीचा भाग काढून तो नव्याने लिहिता यावा.

डॅम नसेल तर दोन्ही साखळ्या खुणेविना असतात. संपादकाला मूळ आणि नक्कल यांतला भेद कळत नाही. मूळ पाठही ‘दुरुस्त’ होतो आणि उत्परिवर्तने वाढतात. त्याहून घातक म्हणजे म्यूट-एच दोन्ही साखळ्यांना छेद देऊ शकते आणि डीएनए आरपार तुटतो. रेक-ए असेल तर तुटलेले सांधले जाते, नसेल तर पेशी मरते. या स्पष्टीकरणाची निर्णायक कसोटी १९८० साली लागली. ग्लिकमन आणि राडमन, तसेच मॅक्‌ग्रॉ आणि मॅरिनस यांच्या प्रयोगांतून असे दिसले की, डॅमविरहित वाणाची दुर्बलता त्यातील म्यूट जनुकांत बिघाड झाल्यास दूर होते. डॅम आणि रेक-ए या दोहोंचा अभाव असलेली पेशीसुद्धा दुरुस्तीची ही यंत्रणा नसेल तर जगते. याचा अर्थ असा की, पेशीला खुणेच्या अभावाने मारले नव्हते. खुणेवर विसंबून काम करणारा वाचक, खूण नसतानाही काम करीत राहिला, म्हणून ती मरत होती.

डॅमच्या खुणांचा दुसरा वाचकही याच काळात सापडला. गुणसूत्राची प्रत जेथून सुरू होते त्या आरंभस्थानी जीएटीसी या क्रमाची अकरा ठिकाणे दाटीने येतात. १९८७ साली रसेल आणि झिंडर यांनी दाखवले की, एकाच साखळीवर खुणा असलेल्या आरंभस्थानापासून नवी प्रत सुरू होत नाही. १९९४ साली या अर्ध्या खुणांना धरून ठेवणारे सेक-ए हे प्रथिन ओळखले गेले. त्याच्यामुळे पेशीचक्राच्या सुमारे एक-तृतीयांश काळ आरंभस्थान झाकलेले राहते आणि एकाच चक्रात दोनदा प्रत निघणे टळते. डॅम नसेल तर प्रती अनियमित वेळी सुरू होतात. तरी जीवाणू तगतो, कारण आरंभ करणारी यंत्रणा खुणेवाचूनही चालू शकते.

४

१९९० च्या दशकात लक्ष एश्चेरिशिया कोलायवरून दुसऱ्या जीवाणूकडे वळले. कॉलोबॅक्टर क्रेसेंटस हा गोड्या पाण्यात राहणारा जीवाणू विभागला की दोन भिन्न रूपांच्या कन्यापेशी होतात : एक देठाने चिकटून राहणारी, दुसरी पोहणारी. त्यामुळे पेशीचक्राच्या अभ्यासासाठी तो सोयीचा. स्टॅनफर्ड विद्यापीठातील लूसी शापिरो यांच्या गटाने १९९४ साली त्यातील सीसीआरएम या मिथिलीकरण-विकराचे वर्णन केले. ते पेशीचक्राच्या अखेरच्या टप्प्यातच तयार होते, गुणसूत्रावर विखुरलेल्या सुमारे ४,५०० ठिकाणी खूण करते आणि लगेच नष्ट केले जाते. १९९६ साली याच गटाने हे विकर जीवाणूच्या अस्तित्वाला अनिवार्य असल्याचे प्रसिद्ध केले. जनुक काढून टाकलेला वाण त्यांना मिळू शकला नाही. १९९७ ते २००१ या काळात द्विदल वनस्पतींच्या मुळांवर गाठी करणारा ऱ्हायझोबियम, गुरांना गर्भपाताचा रोग करणारा ब्रुसेला आणि वनस्पतींत अर्बुद निर्माण करणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या कॉलोबॅक्टरच्या नातलगांतही तोच निष्कर्ष निघाला.

याच सुमारास, १९९९ साली, कॅलिफोर्नियातील मायकेल माहान यांच्या गटाने डॅमविरहित साल्मोनेला उंदरांत रोग निर्माण करू शकत नाही, उलट पुढील संसर्गापासून त्यांना संरक्षण देतो, असे दाखवले. शोधनिबंधाच्या शीर्षकात ‘एसेन्शियल’ हाच शब्द होता. पण साल्मोनेला डॅमवाचून प्रयोगशाळेत व्यवस्थित वाढत होता. येथे शब्द रोगकारकतेपुरता लागू होता, जीवनाला नव्हे. दोन वर्षांनी, २००१ मध्ये, त्याच गटातून पटकीचा जीवाणू व्हिब्रिओ कॉलरी आणि येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस यांच्या बाबतीत डॅम जीवनालाच अनिवार्य असल्याचे जाहीर झाले. पाच वर्षांत तीन शीर्षकांत एकच विशेषण आले आणि त्याचा आशय निबंधागणिक सरकला. मराठीत ही शीर्षके उतरवू पाहणाऱ्याला एके ठिकाणी ‘अनिवार्य’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘आवश्यक’ असे लिहावे लागले असते.

या सरकण्याला व्यावहारिक बाजू होती. प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू वाढत असताना नव्या औषधाचे लक्ष्य शोधण्याचा साधा नियम होता : जीवाणूला अनिवार्य आणि माणसात नसलेले विकर निवडावे. अ‍ॅडेनिनावर खूण करणारी विकरे या नियमात चपखल बसणारी वाटली. शापिरो आणि स्टीफन बेंकोविक यांनी सीसीआरएमला रोखणाऱ्या बोरॉनयुक्त रसायनांचा पाठपुरावा केला आणि २००५ मध्ये त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या बोरॉन-रसायनशास्त्राच्या वाटेवर पुढे टॅव्हाबोरोल हे औषध निघाले, ज्याला अमेरिकेत जुलै २०१४ मध्ये मान्यता मिळाली. ते मात्र नखांच्या बुरशीवरचे औषध आहे आणि मिथिलीकरणाशी त्याचा संबंध नाही. ते बुरशीच्या प्रथिननिर्मितीतील एका विकराला रोखते.

५

अनिवार्यतेची विधाने २००५ पासून अटींसह वाचली जाऊ लागली. त्या वर्षी येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिसच्या दुसऱ्या वाणात डॅमविरहित उत्परिवर्ती मिळाला आणि त्याची लस म्हणून उंदरांत चाचणीही झाली. एकाच जातीच्या दोन वाणांत जनुकाचा दर्जा वेगळा ठरला.

२०१३ मध्ये सीसीआरएमचे प्रकरण दोन स्वतंत्र गटांनी नव्याने तपासले. लोझान येथील दिएगो गोन्झालेझ आणि जस्टिन कोलिए यांनी सीसीआरएमविरहित कॉलोबॅक्टर मिळवला. तो साध्या, पोषणद्रव्ये मोजकीच असलेल्या माध्यमावर वाढत होता. समृद्ध माध्यमावर मात्र त्याच्या पेशी विभागण्याऐवजी लांबच लांब होत आणि मरत. पेशीविभाजनाचे वलय ज्या प्रथिनाचे बनते त्या एफटीएस-झेडचे जनुक पुरेसे सक्रिय होण्यासाठी त्याच्या आरंभाजवळील खूण लागते. खूण नसेल तर प्रथिन कमी पडते. मंद गतीने वाढणाऱ्या पेशीला ते तुटपुंजे प्रमाण पुरते. भरपूर अन्न मिळून वेगाने वाढणाऱ्या पेशीला पुरत नाही. एफटीएस-झेडचे प्रमाण थोडे वाढवले की समृद्ध माध्यमावरही पेशी जगते. त्याच वर्षी पॅट्रिक व्हियोलिए आणि मार्टिन हॉवर्ड यांच्या गटांनीही मंद वाढीच्या स्थितीत सीसीआरएमवाचून कॉलोबॅक्टर जगतो हे दाखवले. सीसीआरएमच्या खुणा ओळखून जनुके चालू करणारे जीसीआर-ए हे प्रथिनही याच वेळी समोर आले. १९९६ चा प्रयोग निर्दोष होता. त्याच्या निष्कर्षात जे समृद्ध अन्न अध्याहृत होते, ते २०१३ मध्ये उच्चारले गेले. अन्नाच्या समृद्धीमुळे एखादे जनुक अनिवार्य व्हावे, ही गोष्ट सामान्य अपेक्षेच्या उलट आहे.

पटकीच्या जीवाणूची कथा भारतीय अभ्यासकाला जवळची. या रोगाच्या साथींचा आणि त्याच्या संशोधनाचाही इतिहास बंगालशी जखडलेला आहे : रॉबर्ट कोख यांनी १८८४ साली कलकत्त्यात या जीवाणूचे संवर्धन केले, आणि शंभुनाथ डे यांनी १९५९ साली त्याच शहरात या जीवाणूच्या विषाचे अस्तित्व सिद्ध केले. या जीवाणूला एक नव्हे, दोन गुणसूत्रे आहेत : एक सुमारे तीस लाख अक्षरांचे, दुसरे सुमारे अकरा लाखांचे. डॅम त्याला अनिवार्य का, याचे उत्तर दुसऱ्या गुणसूत्रात दडले होते. अमेरिकेतील ध्रुव चट्टोराज आणि गाएल दमार यांनी २०१० मध्ये दाखवले की, दुसऱ्या गुणसूत्राची प्रत सुरू करणारे आरसीटी-बी हे प्रथिन आरंभस्थानी खुणा असतील तरच तेथे बसते. येथे वाचक खुणेवाचून काम करूच शकत नाही. खूण नाही तर प्रत नाही, प्रत नाही तर दुसरे गुणसूत्र पुढच्या पिढीत जात नाही.

तरीही या स्थितीतून सुटका झाली. पॅरिसमधील पाश्चर संस्थेतील मारी-एव्ह व्हाल, दिदिए माझेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवले की, डॅम हरवलेल्या व्हिब्रिओच्या ज्या विरळ पेशी वाचतात, त्यांच्यात दोन्ही गुणसूत्रे आपोआप जोडली जाऊन एक झालेली असतात. मग दुसऱ्या गुणसूत्राच्या आरंभस्थानाची गरजच उरत नाही. पहिल्याच्या आरंभापासून सारा मजकूर एकसलग उतरवला जातो. जीवाणूने खूण परत मिळवली नाही. त्याने त्या खुणेचा वाचकच अनावश्यक करून टाकला. ज्याला २००१ मध्ये अनिवार्य म्हटले गेले ते ग्रंथाच्या दोन खंडांत विभागले जाण्यामुळे अनिवार्य झाले होते. खंड एकत्र बांधले जाताच ते उरले नाही.

६

अनिवार्यतेचे दावे असे सशर्त होत असताना मिथिलीकरणाचा आढळ मात्र वाढतच गेला. डीएनएच्या एकेका रेणूचे वाचन करून खुणाही टिपणारे तंत्र २०१० नंतर प्रचारात आले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या सर्वेक्षणात जीवाणू व आर्किया मिळून २३० सूक्ष्मजीवांची तपासणी झाली आणि त्यांपैकी ९३ टक्क्यांत मिथिलीकरण आढळले. त्याच वर्षी क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेत ४७३ जनुकांचा किमान जीव रचला गेला, तेव्हा निर्बंधन व मिथिलीकरणाची जनुके त्यातून वगळण्यात आली आणि तो जगला. या प्रकल्पाने ‘अनिवार्य’ आणि ‘वगळण्याजोगे’ यांच्यामध्ये ‘अर्ध-अनिवार्य’ असा एक वर्गही मानला : ज्यांच्यावाचून पेशी जगते, पण जोमाने वाढत नाही, अशा जनुकांचा.

जवळजवळ सर्वांकडे असलेली आणि तरी वगळता येणारी ही विकरे निसर्गात टिकून का राहिली, याचे उत्तर काचेच्या तबकडीबाहेर शोधावे लागते. क्षयाच्या जीवाणूतील मॅम-ए हे विकर नष्ट केले तर तो प्रयोगशाळेत नेहमीसारखा वाढतो. परंतु २०१३ साली दिसले की, प्राणवायूची टंचाई असताना त्याचा टिकाव कमी होतो. फुफ्फुसातील गाठीत दडून राहणाऱ्या या जीवाणूला नेमकी तीच टंचाई सोसावी लागते असे मानले जाते. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिल या आतड्यातील रोगजीवाणूच्या तपासलेल्या सर्व वाणांत कॅम-ए हे विकर आढळते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार त्याच्या अभावी जीवाणूची वाढ थांबत नाही, पण बीजाणू कमी तयार होतात, आणि यजमानाकडून यजमानाकडे जाण्याचे त्याचे साधन बीजाणू हेच आहे. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत देसिराजु राव यांच्या गटाने २०१८ मध्ये जठरात व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरीतील एका मिथिलीकरण-विकराविषयी असेच दाखवले : विकर नसलेला वाण जगतो, परंतु त्याच्या जनुकांचे प्रकटन आणि रोगकारक क्षमता बदलते. तबकडीत पोसलेल्या जीवाणूला जे वगळता येते, ते शरीरात वावरणाऱ्या जीवाणूला परवडत नाही.

औषधशोधाच्या दृष्टीने हा फरक निर्णायक आहे. रोगजीवाणूला जागीच मारणारे औषध हवे असेल, तर एखादे लक्ष्य सर्व वाणांत आणि सर्व परिस्थितींत अनिवार्य असावे लागते. मिथिलीकरण-विकरे त्या कसोटीला क्वचितच उतरतात, आणि गुणसूत्रे जोडून घेणाऱ्या व्हिब्रिओप्रमाणे जीवाणू सुटकेची वाट काढू शकतो. परंतु रोगजीवाणूला मारण्याऐवजी त्याचा टिकाव अथवा प्रसार रोखणे हे उद्दिष्ट असेल, तर क्षयाचा अथवा आतड्याचा रोगजीवाणू ज्या विकरावर विसंबून आहे ते लक्ष्य अर्थपूर्ण ठरू शकते. ‘अनिवार्य’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला, यावर संशोधनाची वर्षे आणि रुग्णांच्या आशा अवलंबून असतात.

या इतिहासातील प्रत्येक टप्प्यावर मिथिलीकरणाला महत्त्व प्राप्त झाले ते एखाद्या वाचकामुळे : निर्बंधन-विकर, म्यूट-एच, सेक-ए, जीसीआर-ए, आरसीटी-बी. वाचक खूण नसतानाही काम करीत राहिला तर घात होतो. खुणेवाचून काम करूच शकत नसेल तर खोळंबा होतो. वाचकच नसेल तर खूण असली काय आणि नसली काय, जीवाणूला फरक पडत नाही. म्हणून एखादे मिथिलीकरण-विकर अनिवार्य आहे काय, या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर देता येत नाही. कोणत्या वाणाला, कोणत्या अन्नावर, कोणत्या वाचकांच्या सान्निध्यात, हे तिन्ही तपशील सांगितल्यावरच ते उत्तर पूर्ण होते.